गोव्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताय? आधी जुलैचं भाडं विचारा

गोव्यात गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'सध्या दर काय चाललाय?' माझ्या मते हा तिसरा प्रश्न. पहिला प्रश्न, जुलै महिन्यात या घरात कोण राहणार? दुसरा, ही इमारत उभी आहे ती जमीन मुळात कोणाची? या दोन्हींची उत्तरं मिळाली की दराची घासाघीस करायला अर्थ येतो.

मी फोंड्याचा. पर्वरीत एक जुना टू बीएचके घेऊन भाड्याने दिलाय. नंतर कोल्हापूरच्या साडूंनाही इथे घर घ्यायचं होतं, तेव्हा त्यांच्यासोबत पुन्हा तीच कचेऱ्यांची वारी झाली. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितोय. रोख मुख्यतः महाराष्ट्रातून इथे पैसे गुंतवू पाहणाऱ्यांकडे आहे, पण पहिल्यांदाच घर घेणाऱ्या गोवेकरालाही यातलं बरंच लागू पडेल.

१. आधी भाडेकरू ठरवा, गाव मग

गोव्यात भाड्याचे दोन बाजार आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

पहिला नोकरदारांचा. पणजी, ताळगाव आणि पर्वरीत सरकारी कचेऱ्या, बँका, विद्यापीठ. बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हणजे डॉक्टर, परिचारिका, पदव्युत्तर विद्यार्थी. वेर्ण्याची औद्योगिक वसाहत, वास्कोचं बंदर, झुआरीनगरची बिट्स. आमच्या फोंड्याच्या आसपास कुंडई, मडकई, बेतोड्याचे कारखाने आणि फर्मागुढीची कॉलेजं. इथला भाडेकरू समुद्र किती लांब आहे हे विचारत नाही. नळाला पाणी किती वेळ येतं आणि बसथांबा कुठे आहे, हे विचारतो. भाडं माफक, पण बारा महिने.

दुसरा बाजार पर्यटकांचा. कांदोळी, कळंगुट, हणजूण, वागातोर, मोरजी, मांद्रे, हरमल आणि दक्षिणेत कोलवा, बाणावली, पाळोळे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत वर्दळ, नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात दर गगनाला, आणि जूनमध्ये शॅक उतरले की सगळं थंड. आसगाव, शिवोलीसारख्या गावांत अलीकडे तिसराच भाडेकरू दिसतो: बंगळूर-दिल्लीची नोकरी लॅपटॉपवर करत चार-सहा महिने राहणारा. तो पैसे बरे देतो, पण गेला की गेला.

पेडणे तालुक्याबद्दल दोन शब्द जास्त. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच्या आधीपासूनच तिथली प्रत्येक जाहिरात 'विमानतळापासून इतक्या मिनिटांवर' अशी सुरू होत होती. विमानतळामुळे जमिनीला भाव आला हे खरं, पण भाडेकरूची खात्री त्यातून होत नाही. साडूंना मोरजीतला एक फ्लॅट फार आवडला होता. शेजारच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, 'भाऊ, त्या बिल्डिंगेत पावसात रात्री दोन दिवे दिसतात. एक वॉचमनाचा.' असे दिवे तुम्हीही मोजा. जुलै-ऑगस्टमध्ये, आठवड्याच्या मधल्या वारी, रात्री नऊच्या सुमारास.

२. घर पावसात बघा

पर्यटक म्हणून आलेल्याला गोव्याचा पाऊस माहीत नसतो. वरच्या मजल्यावरची गळती, उत्तरेकडच्या भिंतीवरची बुरशी, तुंबलेला सेप्टिक टँक, गुडघाभर पाण्यातलं पार्किंग हे डिसेंबरात दिसत नाही. गोव्याचा बराच भाग अजून सांडपाण्याच्या वाहिनीविना आहे, त्यामुळे इमारतीचा सेप्टिक टँक केवढा आणि तो उपसायचा खर्च कोण देतं, हे सरळ विचारा. समुद्राजवळ खाऱ्या हवेने ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट, गीझर सगळं लवकर गंजतं.

पाण्याचा प्रश्न तालुक्यानुसार बदलतो. तिसवाडी आणि फोंड्याला ओपाचं पाणी, दक्षिणेला साळावलीचं. बार्देशाला अस्नोड्याचं, आणि तिळारीच्या कालव्याची दुरुस्ती निघाली की तिथे टँकर पळायला लागतात. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे मागच्या एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. बिलं दाखवायला तो का-कू करू लागला, तर काय समजायचं ते समजा.

३. भाव काढायची रीत

पहिला सापळा मापाचा. गोव्यात जमीन चौरस मीटरवर विकली जाते, फ्लॅटचा दर कोणी चौरस मीटरला सांगतो, कोणी चौरस फुटाला. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. आकडा ऐकला की आधी 'कशाला?' हे विचारा. दुसरा सापळा क्षेत्रफळाचा. एजंट सुपर बिल्ट-अप सांगतो, त्यात जिना, लॉबी, कधी कधी पोहण्याचा तलावही वाटून टाकलेला असतो. रेराखाली, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखाली, नोंदलेल्या प्रकल्पात कार्पेट क्षेत्र (घराच्या आतलं, प्रत्यक्ष वापरायचं) सांगणं बंधनकारक आहे. सगळे फ्लॅट कार्पेटवर आणूनच एकमेकांशी ताडून बघा.

मग खरा भाव. संकेतस्थळांवर दिसतो तो मागणीचा भाव. मोबदल्याचा आकडा उपनिबंधक कार्यालयातल्या नोंदलेल्या खतांत असतो आणि त्यांच्या प्रती शुल्क भरून कोणालाही मिळतात. त्याच इमारतीतल्या किंवा त्याच वाड्यावरच्या गेल्या दोन वर्षांतल्या दोन-तीन विक्रीखतांच्या प्रती काढा. वकील हे काम सहज करून देतो.

एक मेख आहे. खतावरचा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो, कारण 'थोडे व्हाइट, थोडे ब्लॅक' हा प्रकार इथेही चालतो. तुम्ही त्यात पडू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात ₹२०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. शिवाय पुढे विकताना तुमची खरेदी किंमत कागदावर कमी दिसेल आणि भांडवली नफ्याचा कर तुम्हीच भराल. कर्ज घेत असाल तर बँकेच्या मूल्यांकनकर्त्याचा अहवाल मागून घ्या. तो सहसा कंजूस असतो, म्हणूनच उपयोगी.

४. परताव्याचा हिशेब, न फुगवता

एजंट सांगतो तो परतावा म्हणजे वर्षाचं भाडं भागिले फ्लॅटची किंमत. आता तुमच्या खिशातून खरोखर काय जातं ते बघू. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे स्वतःचे त्यात टाका.

समजा फ्लॅट ₹७५ लाखांचा आणि भाडं महिना ₹२२,०००. एजंटाचा परतावा साडेतीन टक्के. आता मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ₹५.५ लाख, कपाटं-पंखे-एसी-इन्व्हर्टरचे ₹४.५ लाख, वकील आणि किरकोळ मिळून ₹५० हजार मिळवा. गुंतवणूक झाली ₹८५.५ लाख. वर्षात एक महिना घर रिकामं धरा, म्हणजे भाडं ₹२,४२,०००. त्यातून सोसायटीचे ₹३६,०००, घरपट्टी ₹५,०००, डागडुजी ₹२०,००० आणि एजंटाचे ₹११,००० वजा. हातात ₹१,७०,०००. म्हणजे दोन टक्के, आणि अजून आयकर बाकी. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा वा पंचायतीचा भरलेला कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, तेवढाच दिलासा.

'मग पर्यटकांना देऊ' असं लगेच मनात येतं. त्याच फ्लॅटचं गणित करू. रात्रीला ₹३,०००, हंगामात १०० आणि उरलेल्या वर्षात ४५ रात्री, एकूण ₹४,३५,०००. आकडा झकास. पण बुकिंगच्या संकेतस्थळाचं कमिशन १५ टक्के आणि तुमच्या वतीने सगळं बघणाऱ्या कंपनीचे २० टक्के धरले तर ₹१,५२,००० तिथेच गेले. साफसफाई आणि धुलाई ₹३०,०००, वीज ₹४८,००० (पाहुणा एसी बंद करत नाही), सोसायटी ₹३६,०००, डागडुजी ₹५०,०००, इंटरनेट ₹१०,०००, घरपट्टी ₹५,०००. उरले एक लाख तीन-चार हजार. नोकरदार भाडेकरूपेक्षा कमी!

हेच घर तुम्ही जवळ राहून स्वतः सांभाळलंत तर कंपनीचे ₹८७,००० वाचतात आणि गणित नोकरदाराच्या भाड्याच्या थोडं पुढे जातं. पर्यटकांचा धंदा इथे राहणाऱ्याला परवडतो. पुण्यात बसून करणाऱ्याचा नफा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. समुद्राकाठी, उत्तम सजवलेल्या व्हिलाचे आकडे वेगळे येतील, पण तिथे गुंतवणूकही कोटींत आणि हॉटेल चालवण्याची तयारी हवी.

'भाडं कमी असलं तरी किंमत वाढेल ना?' वाढेलही. पण तो वेगळा जुगार आहे. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा कमी भाडं घेऊन तुम्ही किंमत वाढण्याची वाट बघताय, एवढं स्वतःला स्पष्ट सांगा आणि मग खुशाल घ्या.

५. जमिनीचे कागद: इथे घाई नको

महाराष्ट्रातल्या माणसाला सात-बाराची सवय असते. इथे त्याच्या जागी फॉर्म एक व चौदा आहे. शहरी सर्वेक्षणाच्या भागात फॉर्म डी. हे ऑनलाईन मिळतात. त्यात तीन रकाने डोळ्यांत तेल घालून वाचा: कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क. विक्रेत्याचं नाव कब्जेदारात असलं म्हणजे झालं असं नाही. हा हक्कनोंदीचा उतारा आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. कुळाचं नाव असेल तर १९६४ चा कूळ कायदा आडवा येतो. इतर हक्कांत मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, 'तो उठेल हो' म्हटल्याने तो उठत नाही, आणि उठूही नये.

मागे जायचं तर पोर्तुगीज काळापर्यंत जावं लागतं. जुन्या मालमत्तांचे दिश्क्रिसांव (मालमत्तेच्या वर्णनाची नोंद), इन्स्क्रिसांव (मालकाच्या नावाची नोंद) आणि मात्रीजचे (कर आकारणीच्या नोंदवहीचे) दाखले पोर्तुगीज भाषेत असतात, त्यांचं अधिकृत भाषांतर लागतं. जुन्या कागदांत फेरफार करून परागंदा मालकांच्या जमिनी विकण्याचे प्रकार इतके झाले की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. म्हणून 'मालक लंडनला असतो, सगळं मुखत्यारपत्रावर' असं ऐकलंत की ते मुखत्यारपत्र खरं आहे का, अजून चालू आहे का आणि मालक हयात आहे का, हे स्वतंत्रपणे तपासा.

आणि सह्या. गोव्यात समान नागरी कायदा आहे, मूळ १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला. वेगळा करार नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. त्यामुळे विक्रीखतावर दोघांची सही हवी. वडिलोपार्जित घर असेल तर मुलगे, मुली, सुना, जावई सगळेच आले. जुन्या घराला वीस-वीस सह्या लागतात त्या अशा. वारसांची वाटणी झाली असेल तर वारसा दस्त किंवा दिवाणी न्यायालयातल्या इन्व्हेंटरीचा (वारसांच्या वाटणीच्या प्रकरणाचा) आदेश मागा. एक बहीण मुंबईला आहे आणि 'तिला काही नको आहे' हे तोंडी चालत नाही.

जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक मालकीच्या जुन्या संस्थेची) किंवा देवस्थानची आहे का, हेही विचारा. आमच्या फोंडा तालुक्यात दुसरा प्रकार बराच.

यानंतर झोन. नगर नियोजन खात्याकडून झोनिंगचा दाखला घ्या. सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन, असेल तर बरं. ऑर्चर्ड किंवा भातशेतीचा झोन अलीकडे बदलून घेतलेला असेल तर तो कोणत्या कलमाखाली आणि कधी बदलला ते वकिलाला बघू द्या. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७(२) आणि ३९अ खालच्या बदलांवरून ग्रामसभा पेटल्या आणि प्रकरणं उच्च न्यायालयात गेली. जमीन बिगरशेती केल्याची सनदही हवी. स्वस्तात शेतजमीन घेऊन फार्महाऊस बांधू, असा विचार असेल तर २०२३ च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणलेत. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम: गावांच्या हद्दीत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला सहसा मज्जाव असतो, आणि भरतीच्या नद्यांच्या काठांनाही मर्यादा आहेत. 'रिव्हर व्ह्यू' वाचलं की हे आठवा.

६. इमारतीचे कागद

हे तुलनेने सोपं. यादी हातात ठेवा:

- नगर नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला
- पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना
- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ऑक्युपन्सी
- मंजूर नकाशा, प्रत्यक्ष फ्लॅटशी ताडून
- जमिनीची सनद
- ३० वर्षांचा बोजा नसल्याचा दाखला आणि वकिलाचा शोध अहवाल
- विक्रेत्याचं मूळ खत आणि त्याआधीच्या खतांची साखळी
- सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि देणी नसल्याचा दाखला
- घरपट्टी, वीज आणि पाण्याच्या ताज्या पावत्या

घर क्रमांक आहे आणि घरपट्टी भरली जाते, म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. पंचायत बेकायदा बांधकामाकडूनही पट्टी घेते. भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर स्वस्त मिळालं तरी सोडा, हे माझं स्पष्ट मत.

नवा प्रकल्प असेल तर गोवा रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प नोंदवावाच लागतो. नोंदलेला विक्री करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागू शकत नाही. 'आज बुकिंग केलं तरच हा दर' म्हणणाऱ्याला रेराचं हे कलम १३ ऐकवा, चेहरा बघण्यासारखा होतो.

७. पैसे आणि नोंदणी

वकील तुमचा असावा, बिल्डरने सुचवलेला नको. आणि त्याची गोव्यातच प्रॅक्टिस हवी. तुमचे पुण्याचे वकील कितीही हुशार असोत, मात्रीज म्हणजे काय हे त्यांना इथे येऊन शिकावं लागेल.

मुद्रांक शुल्क किमतीच्या टप्प्यांनुसार वाढतं, नोंदणी फी वेगळी. बजेटमध्ये दोन्ही मिळून सात-आठ टक्के धरा आणि नेमका आकडा व्यवहाराच्या आठवड्यात वकिलाकडून घ्या. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, साधारणपणे ५ टक्के. भोगवटा मिळाल्यानंतर घेतलेल्या तयार फ्लॅटवर तो नाही. किंमत ₹५० लाख किंवा जास्त असेल तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे आणि कपात बरीच जास्त. गोव्यात असे विक्रेते पुष्कळ असल्याने हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

८. भाड्याने देताना

किल्ली हातात आली की वीज मीटर, पाण्याची जोडणी आणि घरपट्टी आपल्या नावावर करायला टाका.

नोकरदाराला देत असाल तर ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा. गोव्याचा भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा आहे आणि त्याखाली भाडेकरूला घराबाहेर काढण्याची प्रक्रिया लांबते, म्हणून करारातले शब्द वकिलाकडूनच. भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा. ते काम एजंटावर सोडू नका, चौकशी आली तर तुमच्याकडे येते.

पर्यटकांना देत असाल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९८२ च्या कायद्याखाली, एकच फ्लॅट असला तरी. सोसायटीच्या नियमांत रोजच्या भाड्याला बंदी आहे का ते त्याआधी बघा. अनेक सोसायट्यांनी रात्रीच्या पार्ट्यांना कंटाळून ती घातलीय, आणि मला त्यात त्यांची काही चूक दिसत नाही. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती ऑनलाईन कळवायची.

राहता बाहेरगावी असाल तर एक किल्ली इमारतीतल्याच कुणाकडे तरी ठेवा आणि मे अखेरीस गच्चीची पन्हाळं, बाल्कनीची ताडपत्री, एसीचे ड्रेन तपासून घ्या. आमच्या पर्वरीच्या फ्लॅटची किल्ली खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे असते. त्या पैसे घेत नाहीत, चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-फुलांच्या छताचं) सामान मात्र फोंड्याहून न्यावं लागतं.